पिल्लू सोडायला निघण्याआधी

उन्हाळा लागला की मांजरींची वीण वाढते आणि पावसाळ्याच्या तोंडाला गल्लोगल्ली पिल्लं दिसायला लागतात. त्याच सुमाराला सोडून दिलेली पिल्लंही सापडतात. मासळी बाजाराच्या मागं, मंगल कार्यालयाच्या भिंतीलगत, एखाद्या ढाब्याच्या उकिरड्याजवळ, कधी पुठ्ठ्याच्या खोक्यात, कधी सुतळीनं तोंड बांधलेल्या पोत्यात. सातारा असो की सांगली, सोडणाऱ्याचं म्हणणं बहुतेक एकच असतं : ‘‘घरात घाण करतंय हो.’’ पोरांनी हट्टानं आणलेलं असतं. चार दिवस कौतुक होतं, मोबाइलवर फोटो निघतात. मग सोफ्यामागून वास यायला लागतो, गादीवर एक डाग पडतो आणि रविवारी सकाळी घरातला कर्ता माणूस पिल्लू पिशवीत घालून गाडीला किक मारतो.

हे आवाहन त्या रविवारच्या आधी वाचायचं आहे. सोडून द्यायचं कारण फक्त घाण हेच असेल, तर ते बहुतेक घरांत आठ-दहा दिवसांत संपतं आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. कुत्र्याच्या पिल्लाला सवय लावायला दमछाक होते. मांजराच्या पिल्लाला मुळात शिकवावं लागत नाही. शिकायचं असतं ते घरच्यांनी.

आणि सोडणं म्हणजे काय, हेही एकदा नीट बघा. दोन महिन्यांच्या पिल्लाला शिकार येत नाही, रस्ता कळत नाही, कुत्र्यापासून पळायचं कुठं हे ठाऊक नसतं. ‘जगेल कुठंतरी’ हे आपण आपल्या समाधानासाठी म्हणतो. कायदाही या बाबतीत गप्प नाही. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पण कायद्याच्या भीतीनं कुणी मांजर पाळावं असं मी म्हणणार नाही. सोपा उपाय हाताशी असताना अवघड पाप कशाला करायचं, एवढंच.

आता जुनी माणसं म्हणतात, ‘‘आमच्या वेळी कुणी मांजराला शिकवलं होतं?’’ खरं आहे, नव्हतं शिकवलं. साताऱ्यातल्या वाड्यांना मागं परस होतं, सांगली-मिरजेच्या घरांना मातीचं अंगण होतं, खेड्यात तर दारातच शेत. मांजर परसात जायचं, पंजानं खड्डा उकरायचं, उरकायचं आणि माती ओढून झाकून परत चुलीपाशी येऊन बसायचं. कुणाला पत्ताही लागत नसे. पावसाळ्यात बाहेर जाणं जमलं नाही तर विझलेल्या चुलीतल्या राखेत उरकायचं आणि सकाळी आजीच्या शिव्या खायचं. आज परसात पार्किंग आहे, अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत आणि चुलीच्या जागी गॅसचा ओटा. विश्रामबागेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पिल्लानं उकरायचं तरी काय? व्हिट्रिफाइड टाइल? मांजर होतं तसंच आहे. बदलली ती त्याच्या पायाखालची जमीन.

घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे कोरड्या, रेताड मुलखात राहणारं रानमांजर. भुसभुशीत, कोरडं, पंजानं सरकवता येईल असं काही दिसलं की तिथं उकरायचं, ही खोड तिथून आलेली आहे. पिल्लू तीन-चार आठवड्यांचं झालं की ती आपोआप जागी होते. म्हणूनच पिल्लू नेमक्या नको त्या जागा निवडतं. गच्चीवर वाळत घातलेली ज्वारी, कोपऱ्यात ओतून ठेवलेल्या भुईमुगाच्या शेंगा, इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग आणि तुळशीची कुंडी. विशेषतः तुळशीची कुंडी. त्यावरून घरात किती रामायण होतं हे सांगायला नको. पिल्लाच्या लेखी ती घरातली एकमेव सुसंस्कृत जागा असते. तुळशीच्या बुंध्याभोवती सुपारीएवढे गोटे पसरून टाका, माती उघडी राहू देऊ नका, म्हणजे तिथलं जाणं थांबेल. पण एक जागा बंद केली तर दुसरी उघडून द्यावी लागते.

ती दुसरी जागा म्हणजे एक पसरट भांडं आणि त्यात काहीतरी उकरण्याजोगं. प्राण्यांच्या दुकानात त्याचे ट्रे मिळतात, चांगले असतात, परवडत असतील तर जरूर घ्या. नसतील तर बांधकामावर वापरतात ते प्लास्टिकचं घमेलं आणा. पसरट असतं, धुवायला सोपं, तळाला भोक नसतं. पिल्लू अगदी लहान असेल तर घमेल्याची कडही त्याला उंच पडते. मग शेजारी एक वीट आडवी ठेवा किंवा पहिले पंधरा दिवस पत्र्याच्या जुन्या ताटलीत नाहीतर पुठ्ठ्याच्या खोक्याची कड चार बोटं ठेवून कापलेल्या तळात सोय करा. पिल्लाला चढताच आलं नाही तर ते बाहेरच उरकणार, आणि बोल मात्र त्याला लागणार. आत घालायचं ते दोन बोटं जाडीचं पुरे. डोंगर केला तर पाय रुतून ते घाबरतं.

गाळ काढायला वेगळी जाळीदार डावली विकत मिळते. घरात भजी तळायचा एखादा जुना झारा असेल तर तो त्या कामाला अगदी नेमका आहे. मात्र एकदा तिकडं गेलेला झारा पुन्हा कढईकडं येता कामा नये. दांड्याला लाल दोरा बांधा आणि तो स्वयंपाकघराबाहेरच खिळ्याला टांगा, नाहीतर पाहुणे आलेल्या दिवशी घोळ होईल.

आत घालायचं काय, हा प्रश्न जरा तपशिलात घेऊ, कारण गडबड इथंच होते.

दुकानातल्या पिशवीत येते ती बहुधा बेंटोनाइट माती असते, आपल्याकडं ती मुख्यतः गुजरातेत कच्छ आणि राजस्थानात बारमेर भागात निघते. लघवी पडली की तिचा घट्ट गोळा होतो, तेवढा झाऱ्यानं उचलला की बाकीची स्वच्छ. मोठ्या मांजराला उत्तम. पण तीन-चार महिन्यांच्या आतलं पिल्लू नवी वस्तू तोंडात घालून बघतं, आणि ही माती पोटात गेली तर तिथंही फुगते. म्हणून पिल्लाला गोळा न होणारी घ्या किंवा पुढं सांगतो त्यातलं काही वापरा. या सगळ्या धंद्याची सुरुवातही गमतीची आहे. १९४७ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एडवर्ड लो नावाच्या माणसाकडं शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. त्याच्याकडं वाळूऐवजी तेल शोषायची माती पडून होती, तीच त्यानं दिली. ती होती मुलतानी मातीच्या जातीची. तोवर तिकडंही लोक चुलीतली राख आणि वाळूच वापरत होते.

कृष्णाकाठच्या वाचकाला इथं एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. बेंटोनाइट ज्या खनिजाचं बनतं, त्याच गटातलं खनिज आपल्या काळ्या रानातही भरपूर असतं. म्हणून तर ती माती पावसात फुगते, चपलेला चिकटून पाय जड करते आणि एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मग पैसे देऊन कच्छची माती कशाला, रानातली आणली तर? मोठ्या मांजराला कोरडी ढेकळं फोडून, चाळून घातली तर चालून जातं. पिल्लाला नको. ओली झाली की ती बोटांच्या बेचक्यात लिंपून बसते आणि पिल्लू ती चाटून काढतं. शिवाय रानात इतर मांजरं-कुत्री फिरलेली असतात, त्यांच्या जंतांची अंडी आणि मांजरांच्या जीवघेण्या रोगाचे विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतात. लस न झालेल्या पिल्लाला ते घरपोच आणून द्यायचं कारण नाही.

वाळू चांगली. नदीची, चाळलेली, पाण्यातून काढून उन्हात खडखडीत वाळवलेली. बांधकाम चालू असेल तिथं विचारून अर्धी बादली मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. क्रश सँड मात्र आणू नका. तिचे कण टोकदार असतात आणि धूळ फार. वाळू वास धरून ठेवत नाही, त्यामुळं ती लवकर बदलावी लागते, आणि जड असल्यानं रोज उचलणाऱ्याची कंबर बोलते.

लाकडाचा भुसा वखारीत मिळतो. करवतीखालचा बारीक भुसा नको, त्यानं पिल्लाला शिंका येतात. रंधा मारताना निघतात त्या पातळ सालपट्या मागा. साध्या लाकडाच्या हव्यात, प्लायवूडच्या किंवा लॅमिनेटच्या नकोत, कारण त्यात डिंक आणि रसायनं असतात. पाटण-जावळीकडं भातगिरणीवर तूस मिळतं. ते हलकं आणि स्वच्छ असतं, पण पाणी फारसं शोषत नाही, म्हणून अर्ध्याला अर्ध्या सालपट्या मिसळा. कारखान्याच्या पट्ट्यात उसाच्या चिपाडाचा चुरा सहज मिळतो म्हणून तो वापरायचा मोह होईल. त्यात साखरेचा अंश उरलेला असतो. ओला झाला की आंबतो आणि मुंग्यांची रांग लागते. राख जुनी माणसं सुचवतील. कोरडी असेपर्यंत ठीक, पण राख ओली झाली की ती क्षारयुक्त होते. याच गुणावर आपण तिनं तेलकट भांडी घासायचो. पिल्लाच्या तळव्यांना आणि जिभेला ती झोंबते.

वर्तमानपत्राचे तुकडे दोन-चार दिवस निभावून नेतात. पण एकदा ती सवय पक्की झाली की पिल्लाच्या दृष्टीनं जमिनीवरचा कुठलाही कागद म्हणजे मोरी, आणि सकाळचा अंक तुमच्याआधी त्याच्या हाती पडतो.

जे निवडाल ते एकच ठेवा. आज वाळू, उद्या भुसा, परवा शेजारणीनं दिलेली सुवासिक पिशवी असं केलं तर पिल्लू गोंधळतं. सुवासिक तर घेऊच नका. वास आपल्याला गोड लागतो, मांजराच्या नाकाला तो सोसत नाही, आणि ते दुसरी जागा शोधायला निघतं.

आता प्रत्यक्ष सवय. पिल्लू घरी आणल्यावर पहिल्या दिवशी सगळं घर त्याला मोकळं सोडू नका. हीच सगळ्यात मोठी चूक होते. हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून माजघर, मग बेडरूम असं हिंडता हिंडता त्याला लागतं तेव्हा घमेलं कुठल्या दिशेला होतं हेच त्याला आठवत नाही, आणि एवढ्याशा पिल्लाला धरवत तर नाहीच. म्हणून एक लहान खोली, नाहीतर जाळी लावलेली बंद बाल्कनी द्या. एका कोपऱ्यात अंथरूण आणि खाणं-पाणी, समोरच्या कोपऱ्यात घमेलं. जवळजवळ नको, जेवायच्या जागेशेजारी मांजर घाण करत नाही, आपणही करत नाही. वॉशिंग मशीनच्या शेजारी किंवा ये-जा असलेल्या दारात ठेवलंत आणि एकदा ते उरकताना दचकलं, तर पुन्हा तिथं फिरकणार नाही.

वेळा ठरलेल्या असतात. झोपेतून उठलं की, खेळून दमलं की आणि खाल्ल्यावर साधारण पाव ते अर्ध्या तासात. त्या वेळी त्याच्यावर नजर ठेवा. जमीन हुंगायला लागतं, एका जागी गोल फिरतं, कोपऱ्यात फरशी खरवडतं, बारीक आवाजात म्यांव करतं. हे दिसलं की गडबड न करता दोन्ही हातांनी उचला आणि घमेल्यात नेऊन ठेवा. आपल्या बोटानं दोनदा माती उकरल्याचा आवाज करा. त्याचे पंजे धरून उकरायला लावू नका, त्यात ते फक्त घाबरतं. मग बाजूला व्हा. पोरांना सांगा, आता टाळ्या वाजवायच्या नाहीत. पहिल्यांदा घमेल्यात झालं की सगळं लगेच उपसून टाकू नका. पहिले एक-दोन दिवस त्यातला चिमूटभर अंश राहू द्या. तो वास म्हणजेच त्याच्यासाठी पाटी आहे. बाहेर कुठं उरकलं असेल तर तेही कागदानं उचलून घमेल्यात टाका. तीन-चार दिवस चूक झाली नाही की एक खोली वाढवा, मग आणखी एक. दोन मजली घर असेल तर दोन्ही मजल्यांवर सोय हवी. मांजरं दोन असतील तर घमेली तीन.

चुकलं तर? आपल्याकडं एक जुनी रीत आहे : मान धरून नाक त्या घाणीत घासायचं आणि दोन फटके द्यायचे. ही रीत सोडाच. पिल्लू काय शिकतं सांगतो. ‘या माणसासमोर उरकलं की मार बसतो,’ एवढंच ते शिकतं. मग ते तुमच्यासमोर घमेल्यातही जात नाही, कपाटामागं जातं, दिवाणाखाली जातं. जी जागा तुम्हाला दिसत नाही ती त्याची होते.

बाहेरची जागा साफ करताना आणखी एक धोका घरात शिरतो, तो म्हणजे फिनाईल. काळ्या फिनाईलमध्ये डांबरापासून काढलेली फिनॉलसारखी द्रव्यं असतात, आणि ती पचवून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. फरशी पुसली, पिल्लू त्यावरून चाललं, मग बसून पंजे चाटले. एवढ्यानंही विषबाधा होऊ शकते. पाण्यात टाकल्यावर पाणी दुधाळ होतं अशी जंतुनाशकं मांजराच्या घरात शक्यतो नकोत. डांबरगोळ्या नकोत, निलगिरीचं तेलही नको. ब्लीचिंग पावडर तर लघवीवर कधीच टाकू नये. लघवीतल्या अमोनियाशी तिचा संयोग होऊन डोळे-घसा जाळणारा वायू तयार होतो, तो माणसालाही वाईट. आधी कोरड्या कापडानं टिपून घ्या, मग साबणाच्या पाण्यानं पुसा, नंतर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून एक हात फिरवा, वाळू द्या. वास पूर्ण गेला पाहिजे. आपल्याला येत नसला तरी त्याला येतो, आणि तो परत बोलावतो. घमेलंही गरम पाणी आणि भांड्याच्या साबणानं आठवड्यातून एकदा धुवून उन्हात ठेवा. रोजचा गाळ रोज काढा, जमल्यास दोनदा. घाणेरड्या घमेल्यात मांजर पाय ठेवत नाही. त्याच्या जागी आपण असतो तर ठेवला असता का?

एवढं सगळं करूनही घरभर पातळ घाण होत असेल तर घमेल्याकडं नाही, वाटीकडं बघा. वाटीत काय आहे? दूध. मांजर म्हटलं की दूध हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की पिल्लू आणलं की पहिली धाव दुधाच्या पातेल्याकडं. त्यात आपला पट्टा दूध संघांचा, घरात दुधाला तोटा नाही. पण आईचं दूध सुटल्यावर मांजराच्या पोटात दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते. गाई-म्हशीचं दूध पाजलं की अनेक पिल्लांना जुलाब लागतात. जुलाब लागलेलं पिल्लू घमेल्यापर्यंत पोचत नाही, वाटेतच होतं, शेपटीला माखतं, गादीला लागतं. आणि आपण म्हणतो, हे काही शिकत नाही. मी तर म्हणेन, ‘घाण करतं’ म्हणून आलेल्या तक्रारींत पहिला प्रश्न दुधाचाच विचारावा. दूध बंद करा, वाटीत स्वच्छ पाणी ठेवा. दूध-भाकरीवरही पिल्लू पोसलं जात नाही, ते मांसाहारी जनावर आहे. बिनमसाल्याची शिजवलेली कोंबडी, मासा, उकडलेलं अंडं, किंवा पिल्लांसाठीचं तयार खाद्य द्या. कांदा-लसूण पडलेला रस्सा मात्र नाही, कांदा त्याच्या रक्ताला घातक आहे. शाकाहारी घरात अडचण होते हे मान्य. तिथं तयार खाद्याची पिशवी हाच मार्ग. मांजराला वरण-भातावर ठेवायचा हट्ट असेल तर मांजर न पाळलेलं बरं.

दूध बंद करूनही दोन दिवसांत पोट बसलं नाही, विष्ठेत शेवयांसारखे जंत दिसले, रक्त दिसलं, किंवा पिल्लू मलूल झालं तर डॉक्टरकडं न्या. पिल्लांना जुलाबात पाणी कमी होऊन फार लवकर उतरती कळा लागते, ‘बघू उद्या’ म्हणू नका. जंताचं औषध आणि सहा ते आठ आठवड्यांपासूनची लस याच भेटीत विचारून घ्या. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. साताऱ्यात काय, सांगलीत काय, जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन विभागाचं सर्वचिकित्सालय आहे. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते, तिथं मांजर घेऊन जायला लोक लाजतात. लाजू नका, डॉक्टर जनावरांचेच आहेत. खंडाळा तालुक्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्या बाजूच्या लोकांना तोही आधार आहे.

बोक्याच्या बाबतीत एक खूण लक्षात ठेवा. मोठा होऊ लागलेला बोका घमेल्यात पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो आणि थेंबही पडत नाही, तर ती बद्धकोष्ठता समजून एरंडेल पाजत बसू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याच दिवशी दवाखाना. आणि पाच-सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी करून घ्या. भिंतींवर, दारांवर फवारा मारून हद्द आखायची बोक्याची सवय त्यानं बरीच आटोक्यात येते, आणि पुढच्या उन्हाळ्यात आणखी खोकी बाजारामागं जायची थांबतात.

घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर मांजर बाहेर काढा असा सल्ला हमखास मिळतो. भीतीमागं कारण आहे. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजराच्या विष्ठेतून पडतो आणि गर्भाला अपाय करू शकतो. पण विष्ठा पडल्यापासून तो लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस जातात. म्हणजे घमेलं रोज साफ झालं तर धोका फार कमी. ते काम त्या बाईनं न करता नवऱ्यानं करावं. तेवढं तर त्याला जमेल. कच्चं-अर्धकच्चं मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही हाच जंतू येतो, त्याकडंही तितकंच लक्ष हवं. उचललेली घाण कागदात गुंडाळून घंटागाडीत द्या. संडासात टाकू नका, माती फुगून पाइप तुंबतो. खेड्यात पुरायची असेल तर विहिरीपासून लांब पुरा, आणि मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात तर मुळीच नाही.

पावसाळ्याचं दोन शब्दांत सांगतो. महाबळेश्वर, पाटणच्या बाजूला जूनपासून काहीच वाळत नाही. भुसा, वाळू मे महिन्यातच उन्हं दाखवून तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात झाकण लावून भरून ठेवा. सांगलीत नदीजवळच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांनी असा एक डबा वरच्या मजल्यावर ठेवावा. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत एकेका खोलीत चार कुटुंबं राहिली. घमेल्यात जाणारं मांजर असेल तर नातेवाईक त्यालाही ठेवून घेतात. नसेल तर पहिल्यांदा तेच पाण्यात जातं.

आता जे पिल्लू घेणार आहेत आणि जे देणार आहेत, त्या दोघांना सांगायचं आहे. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू आईवेगळं करू नका. तीन आठवड्यांच्या आत तर त्याला स्वतःहून उरकताही येत नाही. आई चाटते तेव्हा होतं. असं अनाथ पिल्लू हाती आलंच तर प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं मागची बाजू हलकेच पुसत राहावं लागतं, नाहीतर पोट फुगून ते दगावतं. आईजवळ दोन महिने राहिलेलं पिल्लू मात्र तिचं बघून निम्मं शिकूनच येतं. मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते म्हणतात. आपण तिच्याआधी त्यांना घरोघर वाटायची घाई करू नये. आणि दोन महिन्यांचं झाल्यावर देताना नुसतं पिल्लू देऊ नका. त्याच्या घमेल्यातली मूठभर वापरलेली वाळू किंवा भुसा एका पिशवीत बांधून सोबत द्या, कशावर सवय झाली आहे ते सांगा, आणि आठ दिवसांनी एक फोन करा.